पहिला गेमिंग पीसी स्वतः जोडताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना पीसी जोडून देता देता तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले, की आता एकदाच नीट लिहून काढतोय. भाव मुद्दामच दिलेले नाहीत, कारण ते आठवड्याला बदलतात. पार्ट कसा पारखायचा, कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा, एवढंच सांगतो.

सुरुवात कुठल्या पार्टपासून करू? मित्र म्हणतात आधी प्रोसेसर घे.

आधी मॉनिटर ठरवा. आणि त्याच्याही आधी, तुम्ही कुठले गेम खेळणार ते कागदावर लिहा.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, भरपूर लागतात. हे गेम ग्राफिक्स कार्डावर फार जड नाहीत, त्यात प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम घेतला तर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो, आणि तिथे ६० ते ८० फ्रेम मिळाल्या तरी खेळायला मजा येते. एकाच बजेटमध्ये या दोघांचे पीसी वेगळे निघतात.

आता मॉनिटर. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके ग्राफिक्स कार्डाला रंगवावे लागतात. मॉनिटर एक पायरी वर नेला की रंगवायचे ठिपके पावणेदोन ते सव्वादोन पट होतात. म्हणून मॉनिटर न ठरवता कार्ड निवडणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं.

पहिल्या पीसीसाठी २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनेलचा आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त असा मॉनिटर घ्या, असंच मी सांगतो. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ६.९ ला. हा फरक माउस हलवताच हाताला कळतो. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर पडलेला असेल, तर त्यावर कितीही भारी कार्ड लावा, दिसणार ६०च. म्हणून मॉनिटरचे पैसे पहिल्याच दिवशी बजेटमध्ये धरा.

एकूण पैशांतले किती ग्राफिक्स कार्डावर घालायचे?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस बाजूला काढून उरलेल्या रकमेचा साधारण ३५ ते ४० टक्के. चाळीसच्या वर गेलात की एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) नाहीतर रॅम मार खाते. पंचवीसच्या खाली आलात तर त्याला गेमिंग पीसी म्हणण्यात अर्थ नाही.

८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड पुरेल का?

१०८०पी वर, सेटिंग थोड्या खाली आणायची तयारी असेल तर आज पुरतं. पण अलीकडच्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती, जमीन, कपडे यांवरची बारीक नक्षी) 'अल्ट्रा' वर ठेवलं की ८ जीबी भरून जातात. मग गेम अडखळायला लागतो, भिंती धुरकट दिसतात, आणि कार्डाची ताकद शिल्लक असून वाया जाते. टेक्स्चर एक पायरी खाली घेतलं की बहुतेक वेळा त्रास जातो. १४४०पी खेळायचं असेल तर मात्र १२ किंवा १६ जीबीच बघा.

इथे एक सांभाळा. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. खोक्यावरचं नाव तेच, फरक फक्त एका आकड्याचा. बिलावर जीबी लिहून घ्या. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं कार्ड १२ जीबी देतं, पण त्याला 'रिसायझेबल बार' ही सोय बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) चालू असावी लागते आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा जोर कमी पडतो. नव्या पीसीत चांगलं, दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर लावायला नको.

आणखी एक बारीक गोष्ट. आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ७६०० ही कार्डं लांब स्लॉटमध्ये बसली तरी सोळाऐवजी आठच लेन (डेटा जायचे रस्ते) वापरतात. बोर्डाचा कार्ड-स्लॉट पीसीआयई ४.० या पिढीचा असेल तर काही बिघडत नाही. ३.० च्या जुन्या बोर्डावर, कार्डाची मेमरी भरली की फटका जाणवतो.

एएमडी की इंटेल?

कंपनी नंतर, आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, बघा. प्रोसेसर आज घेताय, पण सॉकेटबरोबर पुढची पाच वर्षं काढायची आहेत.

एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ चं. त्यावर डीडीआर४ ही मागच्या पिढीची रॅम लागते आणि नवीन ताकदीचे प्रोसेसर आता यायचे नाहीत. पण रायझन ५ ५६०० सारखा सहा कोरचा प्रोसेसर १०८०पी ला अजून छान चालतो, त्याच्या खोक्यात हीटसिंकही मिळतं, आणि पैसे मोजकेच असतील तर ही वाट अजिबात कमीपणाची नाही. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते. २०२७ पर्यंत हे सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे आज रायझन ५ ७६०० बसवला, तर तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर काढून वरचा बसवता येईल.

इंटेलच्या एलजीए १७०० वर १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. पुढच्या पिढीसाठी सॉकेटच बदललं. आय५-१२४००एफ हा त्यातला साधा, थंड डोक्याचा प्रोसेसर आहे आणि पहिल्या पीसीला पुरतो. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या जास्त ताकदीच्या प्रोसेसरमध्ये मात्र व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, बायोस अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. यातला एखादा घेणार असाल तर पहिल्या दिवशी बायोस अपडेट करा आणि मगच गेम टाका.

माझा कल विचाराल तर: पैसे जमत असतील तर एएम५, नसतील तर ५६०० किंवा १२४००एफ.

नावापुढची एफ, जी, के ही अक्षरं कशाची?

'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएमडीचा 'जी' म्हणजे आतलं ग्राफिक्स जरा दणकट. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असाल तर ५६००जी सारखा प्रोसेसर उपयोगी पडतो. इंटेलचा 'के' म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. त्यासाठी महाग बोर्ड आणि महाग कूलर लागतो, पहिल्या पीसीला गरज नाही.

'बॉटलनेक' होईल का, म्हणजे एक पार्ट दुसऱ्याला अडवेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मुलं त्यापायी उगाच झोप घालवतात. प्रत्येक पीसीत कुठला तरी एक पार्ट दुसऱ्यासाठी थांबतोच. गेम बदलला की थांबणारा पार्टही बदलतो. इंटरनेटवर दोन नावं टाकून टक्केवारी सांगणारी कॅल्क्युलेटरं आहेत, ती सोडून द्या. त्यांना तुमचा गेमही माहीत नसतो आणि सेटिंगही. तुमच्याच गेमचा, तुमच्याच रिझोल्यूशनवरचा, त्याच प्रोसेसर-कार्डाच्या जोडीचा व्हिडिओ शोधा आणि त्यातल्या फ्रेम बघा.

मदरबोर्ड स्वस्तातला चालेल का?

'बी' मालिकेतला साधा बोर्ड घ्या: एएम४ साठी बी५५०, एएम५ साठी बी६५०, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठी बी७६०. रॅमचे चार स्लॉट, एम.२ च्या (एसएसडी थेट बोर्डावर बसवायच्या) निदान दोन जागा आणि प्रोसेसरशेजारच्या पॉवरच्या भागावर धातूचं हीटसिंक असलं की झालं. वायफाय हवं असेल तर बोर्डातच घ्या. इंटेलचा बोर्ड घेताना तो डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे दोनदा बघा. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही.

रॅम किती आणि कशी?

१६ जीबी हवीच, ३२ असेल तर निवांत. पण १६ ची एकच पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात आणि गेममध्ये फरक दिसतो. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग उतरतो, म्हणून तिथे ३२ करायचं मनात असेल तर १६-१६ ची जोडीच आणा.

डीडीआर४ मध्ये ३२०० आणि डीडीआर५ मध्ये ६००० वेगाची जोडी बघा. आणि घरी आणल्यावर बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू करा. ते केलं नाही तर रॅम खोक्यावरच्या वेगाने चालतच नाही. मी असे पीसी पाहिलेत ज्यांत दोन वर्षं ही रॅम अर्धवट वेगाने चालली होती आणि मालकाला पत्ता नव्हता.

२०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव फार चढले, कारण चिपवाल्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून रॅमचं बजेट लावू नका, त्या दिवसाचा भाव विचारा.

एसएसडी?

१ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीची. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो, ५०० जीबी चार गेममध्ये संपते. जनरेशन ३ असो की ४, गेममध्ये फरक क्वचितच कळतो. एम.२ आकारात साटा या जुन्या जोडणीची एसएसडीही येते, दिसायला सारखीच पण कितीतरी मंद. विचारून घ्या.

कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळतोय. वेगळा कशाला घेऊ?

कारण बाकी सगळे पार्ट त्याच्यावर जगतात.

माझ्या पहिल्या पीसीत मीही कॅबिनेटबरोबर आलेलाच वापरला होता. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी 'फट्' आवाज आला, जळक्या वासाने खोली भरली आणि स्क्रीन काळी झाली. एसएमपीएस गेला ते गेला, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कवर आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो होते, ते पुन्हा मिळाले नाहीत. तेव्हापासून कुणाचाही पीसी जोडताना मी एसएमपीएसच्या पैशांना हात लावू देत नाही.

पारखायचा कसा ते सांगतो. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात '+१२ व्ही' खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. मोठ्या अक्षरांत ४५० वॉट आणि तक्त्यात १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांना मिळून १९२ वॉटच मिळणार. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हा आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो. हे गणित दुकानात उभ्या उभ्या करता येतं.

'८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले कॅपॅसिटर कसले आहेत ते सांगत नाही. तरी शिक्का हवाच, आणि त्याबरोबर पाच वर्षांची वॉरंटी हवी. कंपनी पाच वर्षांची हमी देते तेव्हा आत जरा बरा माल घालते.

किती वॉट? आरटीएक्स ४०६० ११५ वॉट ओढतं, ५६०० साधारण ७६, बाकी पंखे आणि डिस्क मिळून पन्नासेक. ५५० वॉट छान पुरतात. ५०६० टीआय किंवा बी५८० साठी ६५०. मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस असेल तर एकाच्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसतात, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असतो आणि पार्ट जळतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पीसी खराब आहे का?

पीसी बहुतेक ठीक आहे, घरचं अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधला थोडा करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायचा असतो. ती वायर कुठे तुटलेली असेल, किंवा भिंतीवरच्या स्विचबोर्डाला जोडलेलीच नसेल, तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर साठून राहतो आणि घामट हाताला जाणवतो. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास दिसतं. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणजे मागे अर्थिंग आहेच असं धरू नका. ग्राफिक्स कार्डाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे फक्त पीसीसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी सांगतोय.

वीज वारंवार जात असेल तर यूपीएसही धरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यात गेम चालू असलेला पीसी आणि मॉनिटर जेमतेम बसतात. १००० व्हीए घेतलात तर सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. चांगल्या एसएमपीएससाठी शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस उत्तम. साध्या यूपीएसवर काही एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश असतात. लिक्विड कूलर लागेल?

नाही. पण कॅबिनेट मात्र जाळीचं लागेल.

कुठलाही कूलर पार्टला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर असेल, तर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तोच ८० च्या आसपास जाईल. परदेशी व्हिडिओतले आकडे एसीतल्या खोलीतले असतात, त्यात पंधरा मिळवून वाचा. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे ८० ला घाबरायचं कारण नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर सहा कोरला भरपूर होतो.

पुढे अखंड काच असलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये सुंदर दिसतं, पण पंख्यांना हवा कुठून मिळणार? पुढे जाळी, त्यामागे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या काड्या आणि मोटरचा स्टिकर दिसतो, तिकडून हवा बाहेर पडते. धुळीची जाळी काढता येणारी असू द्या आणि दर महिन्याला झटका. कोकणात पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवू नका, दिवसाआड तासभर चालू करा, आतला दमटपणा निघून जातो.

दुकानातून घेऊ की ऑनलाइन?

दोन्हीकडे भाव काढा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात तापकीर गल्लीचा परिसर. पार्टांची यादी मॉडेल नंबरासकट कागदावर लिहून न्या आणि तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. यादीत 'रॅम १६ जीबी' एवढंच लिहिलंत तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेली देणार.

'बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल' असं ऐकू येईल. पार्टांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोह होतो. पण बिल नसेल तर वॉरंटीला कुणी उभं करत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड अडीच वर्षांनी गेलं तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि भारतातली वॉरंटी आहे ना ते विचारा. ऑनलाइन पार्सल उघडताना सील तोडण्याआधीपासून व्हिडिओ काढा.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का?

विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू पीसीत बघायला मिळत असेल तरच. अर्धा तास जड गेम चालवा, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का बघा. 'जीपीयू-झेड' हे छोटं सॉफ्टवेअर चालवून आत खरंच तेच कार्ड आहे ना ते तपासा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून नवं नाव दाखवणारे नग बाजारात फिरतात. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र सेकंडहँड कधीच नको.

विंडोज कुठलं?

विंडोज ११. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही. दोन्ही बायोसमध्ये असतात. विंडोज टाकायच्या आधीच चालू करा, नंतर खटपट वाढते.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही!

घाबरू नका, यात बहुतेक वेळा काहीच जळलेलं नसतं. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या मागे लावली आहे का बघा. ती खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीत हवी. मग प्रोसेसरची आठ पिनांची वायर, जी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जाते आणि हमखास राहते. मग रॅम: पट्टी काढून पुन्हा बसवा, दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. 'टक्' असा आवाज येऊन कडेची कडी आपोआप उभी राहिली पाहिजे. पहिल्यांदा जोडणारी मुलं भीतीपोटी हळू दाबतात आणि पट्टी एका बाजूने केसभर वर राहते.

डीडीआर५ असेल तर आणखी एक. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच असते. एका मुलाने मला रात्री अकराला रडवेल्या आवाजात फोन केला, काका, सगळं वाया गेलं. त्याने चार वेळा बटण दाबून पीसी बंद केला होता, आणि दर वेळी ती ओळख पहिल्यापासून सुरू होत होती. म्हटलं, आता चालू कर आणि जाऊन जेवून ये. जेवून आला तेव्हा समोर बायोसचा पडदा होता.